टर्बो लावण्याआधी मीटर लावा



मागचे काही भाग आपण बॅटरी, स्टार्टर आणि आल्टरनेटर यांवर बोललो. तेव्हापासून पुणे, बेळगाव, इंदूर, बडोदा अशा गावांतून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतो आहे. "जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो लावून घरच्या घरी स्पोर्ट्‌स कार बनवतोय. वायरिंगमध्ये काय बदल करायचे?" आजचा भाग त्यावरच आहे.

उत्तर आधी सांगतो, मग कारणं. टर्बो इंजिनाला जादा हवा देतो आणि ती एक्झॉस्टच्या जोरावर देतो, म्हणजे जवळजवळ फुकट. त्या हवेबरोबर लागणारं जादा पेट्रोल मात्र विजेच्या पंपातून येतं आणि ते पेटवणारी ठिणगी विजेच्या कॉइलमधून येते. हवा वाढली आणि वीज तेवढीच राहिली, तर इंजिन मरतं. म्हणून बूस्ट वाढवण्याआधी पंपापाशी किती व्होल्ट पोहोचतात ते मोजा. बाकी सगळं यातूनच निघतं.

मी राहतो मरुदानल्लूरला, कुंभकोणमच्या जवळ. भजन-संकीर्तनाच्या मंडळींना हे नाव सद्गुरु स्वामींच्या मठामुळे माहीत असतं. तंजावरवर १६७६ पासून १८५५ पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं. त्यामुळे या भागात घरात मराठी आणि दारात तमिळ बोलणारी कुटुंबं आजही आहेत. अशाच एका घरातला मुलगा, मेकॅनिकल इंजिनिअर, गेली दोन वर्षं शेडमध्ये गाडी बांधतो आहे. जुनी १३०० सीसीची पेट्रोल गाडी, मागची सीट काढलेली, वर टर्बो, आणि बूस्ट ०.६ बार. त्याच्या परवानगीने आज त्याच गाडीचं उदाहरण घेतो, कारण तुम्ही विचारलेलं जवळजवळ सगळं त्या गाडीत घडून गेलं आहे.

आधी कायदा

ही गोष्ट शेवटी सांगितली की लोक ऐकत नाहीत, म्हणून आधीच सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी गाडी करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्यामुळे घरी टर्बो लावलेली गाडी रस्त्यासाठी नाही, ती ट्रॅकसाठी आहे. आमच्याकडून जाण्यासारखा ट्रॅक म्हणजे कोइम्बतूरजवळच्या चेट्टिपाळयमचा करी मोटर स्पीडवे. एस. करिवर्धन यांच्या नावाचा हा ट्रॅक सुमारे २.१ किलोमीटरचा आहे. तिथे गाडी ट्रेलरवरून न्यायची. विमा, पासिंग आणि दुसऱ्याचा जीव, तिन्ही गोष्टी यात येतात.

कंपनी हेच काम कसं करते तेही बघा. टाटा मोटर्स आणि कोइम्बतूरची जयेम ऑटोमोटिव्ह्‌ज यांनी मिळून ऑक्टोबर २०१८ मध्ये टियागो जेटीपी काढली. १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि ११४ पीएस ताकद. साधी पेट्रोल टियागो ८५ पीएसच्या आसपास होती. अशी गाडी बाजारात येण्याआधी इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन, वायरिंग हे सगळं एकत्र तपासलं जातं. तुमच्या-माझ्याकडे तपासणीचा विभाग नाही. आपल्याकडे एक मल्टिमीटर आहे. तो नीट वापरला तर बरंच काम होतं.

वितळलेल्या पिस्टनचं गणित

या मुलाचं पहिलं इंजिन गेलं. तिसऱ्या नंबरचा पिस्टन कडेने वितळला. त्याने निदान केलं की पेट्रोल कमी पडलं, आणि ते निदान बरोबर होतं. मग त्याने मोठा पंप आणला, दुसरं इंजिन उभं केलं आणि पंप जुन्याच वायरवर जोडला. बूस्ट चढवण्याआधी तो माझ्याकडे आला, हे बरं झालं.

पेट्रोल किती लागतं ते आधी पाहू. ०.६ बार बूस्ट म्हणजे इंजिनात साध्या दाबाच्या १.६ पट दाबाने हवा शिरते. दाबताना ती तापते, म्हणून प्रत्यक्षात हवेचं वजन दीडपटीच्या आसपास वाढतं. पेट्रोलही दीडपट हवं. शिवाय बूस्टमध्ये मिश्रण थोडं श्रीमंत ठेवावं लागतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. ते जादा पेट्रोल आतली उष्णता शोषतं. त्यात आता पंपावर ई-२० मिळतं. इथेनॉलमध्ये मुळातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे ८ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या आकड्यांवर ट्यून केलेली गाडी इथेच एक पायरी मागे पडते.

आता पंपाचं बघा. रेग्युलेटर बूस्टच्या नळीला जोडलेला असेल तर रेलमधला दाब बूस्टबरोबर वाढतो. ३ बारचा ३.६ होतो. पंपाला जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं, म्हणून तो जास्त करंट ओढतो. करंट वाढला की वायरमध्ये व्होल्ट जास्त गळतात. व्होल्ट कमी पोहोचले की पंप मंदावतो. म्हणजे ज्या क्षणी पेट्रोल सगळ्यात जास्त हवं, नेमका त्याच क्षणी पंप अशक्त होतो. आणि पंपाचा बराचसा जोर नुसता दाब धरून ठेवण्यात जात असल्यामुळे, व्होल्टेज दहा टक्के घसरलं तर पेट्रोलचा प्रवाह दहा टक्क्यांहून जास्त घसरतो.

वायरमध्ये किती गळतं, ते शाळेतल्या ओहमच्या नियमाने काढता येतं. तांब्याची १ चौरस मिलिमीटरची वायर ५ मीटर घेतली तर तिचा रोध सुमारे ०.०८८ ओहम येतो. तीतून १० अँपिअर गेले तर ०.८८ व्होल्ट वायरमध्येच संपले. २.५ चौरस मिलिमीटरची वायर असेल तर ०.३५ व्होल्ट आणि ४ चौरस मिलिमीटरची असेल तर ०.२२. हे २० अंशांचे आकडे आहेत. एक्झॉस्टजवळून गेलेली वायर ८० अंशांवर गेली तर त्यात जवळजवळ पाव भाग आणखी मिळवा.

फौजेतल्या मोठ्या ट्रकांची वायरिंग २४ व्होल्टची असते, त्यामागे हेही एक कारण आहे. १२० वॉटच्या कामाला १२ व्होल्टवर १० अँपिअर लागतात, २४ वर ५ पुरतात, आणि गळतीही निम्मी होते. आपल्या गाडीत १२ व्होल्टच आहेत, म्हणून आपल्याला वायर जाड करावी लागते. दुसरा मार्ग नाही.

त्या मुलाच्या गाडीत बॅटरीवर १३.९ व्होल्ट होते आणि पंपाच्या टोकांवर ११.८. वाटेत २.१ व्होल्ट गेले होते. काही वायरमध्ये, काही इग्निशन स्विचच्या जुन्या पॉइंटमध्ये, काही हिरव्या पडलेल्या कनेक्टरमध्ये आणि उरलेले गंजलेल्या अर्थमध्ये. मोठा पंप जास्त करंट मागतो, म्हणून त्याच वायरवर गळती आणखी वाढली होती. पैसे पंपावर गेले होते आणि दोष वायरमध्ये होता.

मोजायचं कसं

बरेच जण मीटरचा बझर लावतात, 'पीं' आवाज आला की वायर चांगली म्हणतात. असं करू नका. वीस तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी बझर वाजतो. ती एक तार मीटरचा नगण्य करंट नेते, पंपाचे १२ अँपिअर नेत नाही. मोजणी नेहमी काम चालू असताना करायची.

पद्धत सोपी आहे. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. पंप चालू असताना एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं पंपाच्या प्लसला लावा. मीटरवर जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या मायनसपर्यंत करा, हा अर्थचा हिशोब. मीटरची वायर पुरत नसेल तर बॅटरीपासून एक लांब वायर छोटा फ्यूज लावून मागे न्या. प्लस बाजूला ०.३ व्होल्टच्या आत आणि अर्थ बाजूला ०.१ ते ०.२ च्या आत राहिलं तर समाधान माना. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर बूस्टला हात लावायचा नाही.

जास्त गळती सापडली तर वाटेतला एकेक टप्पा याच पद्धतीने मोजा. फ्यूजच्या अलीकडे-पलीकडे, रिलेच्या अलीकडे-पलीकडे, कनेक्टरच्या अलीकडे-पलीकडे. चोर कुठल्या खोलीत आहे ते दहा मिनिटांत कळतं. अंदाजाने सगळी वायरिंग उकलायची गरज पडत नाही.

मोजताना जवळ पेट्रोल आहे हे विसरू नका. शेडची दारं उघडी, अग्निशामक हाताशी, आणि पंपाचे कनेक्टर पंप चालू असताना ओढायचे नाहीत.

जुनी वायर हुकूम देईल, नवी वायर ओझं वाहील

आता दुरुस्ती. इथे एक चूक फार ठिकाणी पाहिली आहे. वायरमन इग्निशनवरून जाड वायर टाकून पंप थेट जोडतो. व्होल्टेज उत्तम मिळतं, गाडी झकास पळते, सगळे खूश. या मुलाला एका ऑटो इलेक्ट्रिशियनने हाच उपाय सुचवला होता.

त्यात हरवतं काय ते ऐका. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू पंपावर लक्ष ठेवून असतो. इंजिन फिरत नाही असं दिसलं की दोन-तीन सेकंदांत तो पंप बंद करतो. अपघातात इंजिन बंद पडतं, चावी चालूच असते, पेट्रोलची नळी फुटलेली असू शकते. अशा वेळी ईसीयूने पंप थांबवला तर माणूस वाचतो. पंप थेट इग्निशनवर असेल तर तो फुटलेल्या नळीतून पेट्रोल फवारत राहतो, आणि टर्बोच्या गाडीत समोर लालबुंद टर्बाइन असतं. जाड वायर टाकताना आपण हे संरक्षण काढून टाकतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

बरोबर रीत अशी. कंपनीची जुनी पंपाची वायर तोडून फेकायची नाही. तिचं काम बदलायचं. ती नव्या रिलेच्या कॉइलला जोडायची. रिलेवर चार आकडे असतात. ८६ वर जुनी पंपाची वायर, ८५ अर्थला, ३० वर बॅटरीहून फ्यूजमधून आलेली नवी जाड वायर, आणि ८७ वरून तीच जाड वायर पुढे पंपाला. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरही लागत नाही, त्यामुळे जुन्या बारीक वायरीवर भार पडत नाही. पंप कधी चालायचा हे अजूनही ईसीयूच ठरवतो, फक्त पंपाची शक्ती थेट बॅटरीहून येते. कॉइलला आतून डायोड किंवा रेझिस्टर असलेला रिले घ्या, नाहीतर तो बंद होताना उलटा झटका ईसीयूकडे जातो. डायोडवाला असेल तर ८६ ला प्लस आणि ८५ ला मायनस हे उलटवू नका.

हे जुन्या, साध्या पंपाच्या गाड्यांसाठी आहे. अलीकडच्या काही गाड्यांत वेगळं मॉड्यूल पंपाचा वेग कमीजास्त करतं. तिथे असा रिले लावला तर तो नुसता फडफडेल. त्या गाडीचा वायरिंग आराखडा पाहिल्याशिवाय हात घालू नये.

काम झालं की परीक्षा घ्या. इंजिन चालू असताना क्लच न दाबता गाडी गिअरमध्ये अडकवून, ब्रेक धरून इंजिन बंद पाडा. चावी चालूच ठेवा. पंपाचा आवाज दोन-तीन सेकंदांत थांबला पाहिजे. थांबला नाही तर गाडी शेडबाहेर काढायची नाही.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत हवा. फ्यूज पंपाला वाचवायला नसतो, वायरीला वाचवायला असतो. बॅटरी ते फ्यूज एवढा वायरीचा तुकडा उघडा राहतो, म्हणून तो जितका आखूड तितका बरा. १२ अँपिअरच्या पंपाला सुरुवातीचा झटका धरून २० चा पिवळा फ्यूज पुरतो, आणि त्यासाठी वायर ४ चौरस मिलिमीटरची. फ्यूज उडतो म्हणून वायरीला न पेलणारा मोठा फ्यूज टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर उडेल.

आम्ही त्या गाडीत हेच केलं. नवी वायर, नवा रिले, आणि टाकीजवळ पत्रा घासून पंपाला आखूड, जाड अर्थ. गळती २.१ व्होल्टवरून ०.४ वर आली. खर्च नव्या पंपाच्या किमतीच्या पासंगालाही पुरला नाही.

अर्थचं दुखणं

गाडीत प्रत्येक करंटला परत यायची वाट लागते. लोखंडी बॉडी ती वाट देते, म्हणून आपण तिला गृहीत धरतो. पण इंजिन रबरावर बसलेलं असतं. इंजिन ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी हे पट्टे जुने झाले की स्टार्टरचा करंट गिअर केबलमधून, क्लच केबलमधून वाट शोधतो. टर्बोच्या कामात हे दोन्ही पट्टे नवे आणि जाड घाला. रंग खरवडून उघड्या धातूवर लग बसवा, घट्ट करा, आणि मग वरून ग्रीस लावा. आधी ग्रीस नाही.

फायबरच्या बॉडीची गाडी असेल तर सगळाच हिशोब बदलतो. गोव्यात बनलेली सॅन स्टॉर्म काहींना आठवत असेल. दोन सीटची, उघड्या टपाची, फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. दिलीप छाब्रियांची डीसी अवंती हीदेखील कंपोझिट बॉडीची, तीत रेनॉचं दोन लिटरचं टर्बो इंजिन सीटमागे. अशा बॉडीतून वीज परत येत नाही. प्रत्येक दिव्याला, प्रत्येक पंपाला परतीची वायर वेगळी द्यावी लागते. वायर दुप्पट लांब झाली म्हणजे गळतीही दुप्पट. मघाचं ४ चौरस मिलिमीटरचं ०.२२ तिथे ०.४४ होतं. सांगाड्याच्या पाइपवर भरवसा ठेवण्यापेक्षा सगळ्या परतीच्या वायरी एका जाड पट्टीवर आणून तिथून बॅटरीला न्याव्यात.

दुसरं दुखणं बारीक आहे, पण इंजिन मारणारं आहे. प्रेशर सेन्सर ५ व्होल्टवर चालतो. ३ बारपर्यंत मोजणारा सेन्सर असेल तर ०.१ व्होल्ट म्हणजे साधारण ०.०६ बार. सेन्सरचा अर्थ आणि रेडिएटरच्या पंख्याचा अर्थ एकाच बोल्टला बांधला, तर पंखा सुरू झाला की त्या बोल्टवर थोडे व्होल्ट चढतात. ईसीयूला वाटतं दाब बदलला, आणि तो पेट्रोल त्या हिशोबाने देतो. इंजिनात दाब १.६ बार असताना ०.०६ ची चूक म्हणजे जवळजवळ चार टक्के पेट्रोल. म्हणून सेन्सरचे अर्थ ईसीयूच्या सेन्सर-अर्थ पिनलाच जोडायचे, बॉडीला नाही. ईसीयूचा पॉवर अर्थ इंजिन ब्लॉकवर. पंखा, पंप, दिवे यांचा अर्थ वेगळा. हवा-पेट्रोल दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरचा अर्थही ईसीयूच्या अर्थजवळच हवा, नाहीतर मीटर एक सांगेल आणि लॉग दुसरंच.

ठिणगी आणि इंजेक्टर

पंपाइतकंच या दोघांनाही व्होल्टेज हवं. सिलिंडरमध्ये दाब वाढला की ठिणगीला उडी मारणं जड जातं. म्हणून टर्बोच्या गाडीत प्लगची फट कमी करतात, १ मिलिमीटरच्या आसपास असेल तर ०.६ ते ०.७. पण कॉइल पुरती भरली नाही तर फट कमी करूनही बूस्टमध्ये गाडी तुटक चालते. कॉइल भरायला मिळणारा वेळ काही मिलिसेकंदांचा असतो, आणि तेवढ्यात ती किती भरते हे व्होल्टेजवर अवलंबून.

इंजेक्टर उघडायलाही वेळ लागतो, साधारण एक मिलिसेकंद. व्होल्टेज घसरलं की तो वेळ वाढतो. ईसीयूकडे त्याची भरपाई करणारा तक्ता असतो, पण ईसीयू स्वतःपाशी पोहोचलेले व्होल्ट मोजतो, इंजेक्टरपाशी पोहोचलेले नाही. दोघांत फरक पडला तर भरपाई चुकते. म्हणून ईसीयू, इंजेक्टर आणि कॉइल यांना एका मुख्य रिलेतून, प्रत्येकाला आपापला फ्यूज देऊन, पुरेशा जाड वायरीने वीज द्यावी.

मग आल्टरनेटरचा जमाखर्च मांडा. पंप १२, रेडिएटरचा पंखा १५, ईसीयू-इंजेक्टर-कॉइल मिळून १०, दिवे १०, वाइडबँडचा हीटर १ ते २, इंटरकूलरला पाण्याचा पंप असेल तर ४. बेरीज ५० च्या पुढे गेली. आल्टरनेटर ६० अँपिअरचा असला तरी आयडलवर तो निम्म्याच्या आसपास देतो. ट्रॅकवर सुटण्याआधी गाडी रांगेत उभी, पंखा चालू, दिवे चालू. तूट बॅटरीतून जाते आणि व्होल्टेज बाराच्या घरात येतं. त्यावर लगेच पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर. उपाय तीन: रांगेत दिवे बंद, आयडल थोडा वर, आणि तरीही भागत नसेल तर मोठा आल्टरनेटर. बॅटरी मोठी केल्याने तूट भरत नाही, फक्त ती उशिरा कळते.

उष्णता, कंप आणि ओल

पेट्रोल टर्बोत शिरणारा एक्झॉस्ट ८०० ते ९५० अंशांपर्यंत जातो. घरातल्या भिंतीत घालतात त्या साध्या पीव्हीसी वायरीचं आवरण ७० अंशांसाठी असतं. ती वायर बोनेटखाली वापरू नये, मग ती कितीही चांगल्या कंपनीची असो. बोनेटखाली १२५ अंशांची क्रॉस-लिंक्ड आवरणाची ऑटो वायर घ्या. टर्बोजवळून जाणं टळतच नसेल तर सिलिकॉन किंवा टेफ्लॉन आवरणाची, वर फायबरग्लासची बाही. त्याहून चांगलं म्हणजे वायर इंजिनाच्या दुसऱ्या बाजूने फिरवा. अर्धा मीटर वायर जास्त लागली तरी चालेल.

जोड सोल्डरने करावा की क्रिम्पने, हा नेहमीचा वाद आहे. सोल्डर वायरीच्या तारांत वर चढतो आणि तिथे वायर काडीसारखी ताठ होते. ताठ भाग आणि लवचीक भाग जिथे भेटतात तिथे कंपाने ती तुटते. म्हणून इंजिनच्या वायरिंगला योग्य मापाचा लग आणि योग्य प्लायरने केलेला क्रिम्प, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. साध्या पक्कडीने चेपलेला लग म्हणजे क्रिम्प नाही. जोड झाल्यावर हाताने जोरात ओढून पाहा. आत्ता सुटला तर बरं.

ओल हा आमच्या कावेरीकाठचा प्रश्न, आणि कोकणातल्या मंडळींचाही. कुंभकोणम तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. चार महिने न घासलेलं भांडं हिरवं पडतं, तसंच तुमच्या वायरीचं टोकही पडतं. फक्त भांडं दिसतं आणि वायर आवरणाखाली लपते. टोक काळं किंवा हिरवं असेल तर चमकदार तांबं लागेपर्यंत वायर कापा. भांड्यासारखी चिंच लावू नका, आम्ल आत राहतं आणि पुढे खात जातं. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट लावायलाच हवा.

एक लाल स्विच

ट्रॅकवर गाडीची तपासणी होते तेव्हा बाहेरून हात पोहोचेल असा मुख्य कट-ऑफ स्विच बघतात. निळ्या त्रिकोणात लाल वीज, ही त्याची खूण. बरेच जण बॅटरीच्या वायरीत एक साधा स्विच बसवतात आणि समजतात की झालं. इंजिन चालू असताना तो बंद करून पाहा. बहुतेक वेळा इंजिन चालूच राहतं, कारण बॅटरी तुटली तरी आल्टरनेटर वीज देत असतो, आणि त्याबरोबर पंपही चालू असतो. जादा संपर्क असलेला स्विच घ्यावा लागतो. एक संपर्क बॅटरी तोडतो, दुसरा इग्निशन आणि ईसीयूची वीज तोडतो, आणि आल्टरनेटरचा उरलेला जोर रेझिस्टरमधून उतरवला जातो. स्विच बंद केल्यावर इंजिन आणि पंप दोन्ही थांबलेच पाहिजेत. मदतीला धावून येणाऱ्या माणसाला तुमची गाडी माहीत नसते. त्याला फक्त तो त्रिकोण माहीत असतो.

कामाचा क्रम

वहीत लिहून घ्या. आधी टर्बो न लावता, आहे त्या गाडीवर पंप, कॉइल, ईसीयू यांची गळती मोजा. मग अर्थचे पट्टे नवे करा. मग पंपाचा रिले, जाड वायर आणि बॅटरीजवळचा फ्यूज. इंजिन बंद पाडून पंप थांबतो का ते पाहा. सेन्सरचे अर्थ वेगळे करा. आल्टरनेटरची बेरीज मांडा. कट-ऑफ स्विच बसवून चालू इंजिनावर तपासा. हे सगळं झाल्यावर वाइडबँड लावा, आणि मगच कमीत कमी बूस्टवर गाडी चालवून लॉग घ्या. लॉगमध्ये बूस्ट आणि मिश्रणाबरोबर व्होल्टेजची ओळही ठेवा. बूस्ट वर जाताना व्होल्टेज खाली जात असेल, तर त्या दिवसाचं काम तिथेच थांबवा. प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना नंबर द्या आणि आराखडा कागदावर काढून गाडीतच ठेवा. सहा महिन्यांनी रात्री टॉर्चच्या उजेडात तुम्हालाच तो लागणार आहे.

त्या मुलाचं दुसरं इंजिन ०.४ बारवर चालतं आहे, ०.६ ला अजून वेळ आहे. लॉगमधली व्होल्टेजची रेषा आता सरळ आहे. त्याला घाई होती. आता तो आधी मीटर काढतो आणि मग पाना.

पुढच्या भागात इंटरकूलरचा पंखा आणि पाण्याचा पंप तापमानावर कसा चालवायचा ते पाहू. तोवर तुमच्या गाडीच्या पंपावर किती व्होल्ट पोहोचतात ते मोजा आणि आकडा मला कळवा. टर्बो असो वा नसो, मोजा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.